लक्षद्वीपचा दर कोणी ठरवायचा?

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या लक्षद्वीप-भेटीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अनुचित शेरे मारून स्वतःला निलंबित करून घेतले आणि आठवड्याभरात मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतून एकच वाक्य ऐकू येऊ लागले : ‘मालदीव कशाला, आपले लक्षद्वीप आहे की!’ तेव्हापासून या बेटांविषयीची जवळपास प्रत्येक चर्चा याच तुलनेच्या खुंटीला बांधलेली आहे. मालदीवला वर्षाला २० लाखांच्या घरात पर्यटक येतात, मग आपल्याकडे निदान दोन लाख का येऊ नयेत, धावपट्टी का लांबवू नये, लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात, खांबांवर कुट्या का उभारू नयेत, असे विचारले जाते आणि विचारणारे बहुधा सद्हेतूनेच विचारतात. माझे म्हणणे असे की ही तुलना अंकगणितातच चुकलेली आहे. पण त्याहून गंभीर बाब अशी की हे गणित कोण मांडतो आहे, इकडे कोणाचे लक्ष नाही. लक्षद्वीपचा माल कोणता आणि त्याचा दर काय, हे मुख्य भूमीवर बसून ठरवण्याची रीत अडीचशे वर्षांची जुनी आहे. पूर्वी तो माल काथ्या होता, आता तो निळे पाणी आहे.

आधी अंकगणित उरकू. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे आहेत. १९७२ मध्ये तिथे पहिले रिसॉर्ट उघडले तेव्हापासून निर्जन बेट निवडायचे आणि ते अख्खे एका रिसॉर्टला द्यायचे, असा तिथला शिरस्ता पडला. एवढी निर्जन बेटे हाताशी होती म्हणूनच तो पडू शकला. लक्षद्वीपमध्ये बेटे ३६, त्यांची एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हा सगळा केंद्रशासित प्रदेश जवळपास तीनदा मावेल. त्यातल्या १० बेटांवर वस्ती आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार ती ६४,४७३ माणसांची आहे. दर चौरस किलोमीटरला २,००० हून अधिक माणसे, हे प्रमाण ‘निर्जन स्वर्ग’ या जाहिरातीच्या शब्दांशी अजिबात जुळत नाही. उरलेल्या बेटांपैकी बरीचशी वाळूच्या पुळणीहून फारशी मोठी नाहीत. पिट्टी हे तर समुद्रपक्ष्यांचे राखीव ठिकाण आहे. बंगाराम, तिन्नकरा, सुहेली ही नावे गुंतवणुकीच्या सादरीकरणांत ‘रिकामी’ म्हणून येतात, पण तिथे अगत्ती आणि कवरत्तीच्या लोकांचे माड आहेत आणि हंगामात त्यांचे मासेमारीचे तळ पडतात. कोकणातल्या कातळावर वर्षातले आठ महिने कोणी राहत नाही म्हणून तो कोणाचा नसतो असे समजण्यासारखेच हे आहे.

पण जमीन कमी आहे एवढ्यावर थांबले तर मुद्दा निसटतो. ही जमीन कशाची बनली आहे ते पाहावे लागते आणि त्यासाठी आपल्याला आपल्याच सह्याद्रीपासून सुरुवात करता येते. आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वर येतो त्या जागेवरून, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड सरकत होता, तेव्हा लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, तप्त स्थान मागे राहिले आणि त्याने समुद्रतळावर ज्वालामुखींची एक रांगच उठवली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या पायाशी असलेला समुद्रातला डोंगरकणा तो हाच. म्हणजे लोणावळ्याच्या घाटात आपण ज्या काळ्या दगडावर उभे राहतो, त्याच अग्नीच्या पुढच्या उद्रेकांवर कवरत्ती उभे आहे. फरक इतकाच की तिथला ज्वालामुखी केव्हाच खचून खोल गेला आणि त्याच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले. ज्वालामुखी बुडत जातो, प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वर रचत जाते आणि शेवटी मधला डोंगर दिसेनासा होऊन भोवतालचे कडे तेवढे उरते, ही कंकणद्वीपांची उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली. लक्षद्वीप त्याने पाहिले नव्हते; तो पाहून आला होता तो याच महासागरातली कीलिंग बेटे. पण वर्णन इथेही लागू पडते.

याचा अर्थ असा की या बेटांवर नदी नाही, टेकडी नाही, चिकणमाती नाही आणि बांधकामाला लागणारा दगडही नाही. आहे ती वाळू आणि ती वाळूही जिवंत प्राण्यांनी केलेली : प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा, आणि प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या पोपटमाशाने पचवून बाहेर टाकलेली पांढरी पूड. जाहिरातीतल्या शुभ्र पुळणीचा एक मोठा हिस्सा पोपटमाशाची विष्ठा आहे, हे मधुचंद्राच्या पॅकेजमध्ये कोणी छापत नाही. ही वाळू समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर टिकून आहे ती बाहेरची प्रवाळभिंत महासागराच्या लाटा स्वतःच्या अंगावर घेऊन फोडते म्हणून. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारी ‘आंग्रिया बँक’ आहे. तिच्यावरही प्रवाळ आहे, पण तिचा माथा पाण्याखाली वीसेक मीटर खोल राहिला आहे. म्हणून तिथे लाट फुटत नाही, वाळू थांबत नाही, माड रुजत नाही आणि कोणी घर बांधत नाही. बेट आणि बुडालेला उंचवटा यांच्यात एवढेच अंतर असते. लक्षद्वीपची जमीन सात-बाऱ्यावर नोंदवून विसरून जाण्यासारखी स्थिर मालमत्ता नव्हे; ती रोज झिजते आणि रोज घडते, आणि घडवणारे मरत गेले तर झिजणे तेवढे उरते.

पाण्याचेही असेच. वर्षाला साधारण १,५०० ते १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो साठवायला धरण नाही की तळे नाही. पाऊस वाळूतून झिरपतो आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. मध्यभागी जाड, कडेला निमुळता, असा भिंगासारखा त्याचा आकार असतो. विहिरीतून हलक्या हाताने पाणी काढले तर भिंग टिकते. पंप लावून उपसले तर खालचे खारे पाणी शंकूसारखे वर चढते आणि एकदा चढले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ, उतरत नाही. त्यातच शौचालयाची टाकी आणि विहीर यांच्यात पुरेसे अंतर ठेवायला जागा नसते आणि वाळूतून काहीच गाळले जात नाही.

यावर उपाय म्हणून समुद्राचे पाणी गोडे करणारी केंद्रे उभारली गेली आणि त्या तंत्राचा मला मनापासून अभिमान वाटतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीत पहिले केंद्र सुरू केले. पृष्ठभागावरचे सुमारे २८ अंश तापमानाचे पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचे आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या सुमारे १२ अंशांच्या थंड पाण्याने ती वाफ थिजवायची, अशी ही सुंदर, साधी कल्पना आहे. पुढे मिनिकॉय, अगत्ती आणि इतर बेटांवरही अशी केंद्रे झाली. कवरत्तीच्या पहिल्या केंद्राची क्षमता दिवसाला १ लाख लिटर. २०११ ची कवरत्तीची लोकसंख्या ११ हजारांच्या पुढे धरली, तर माणशी दिवसाला नऊ लिटर पाणी होते. पिणे आणि रांधणे यांत ते संपते. ज्या खोलीत पोहण्याचा खासगी हौद आहे, रोज धुतलेल्या चादरी आहेत आणि समुद्रातून आल्यावर मनसोक्त अंघोळ आहे, त्या खोलीतल्या एका पाहुण्याला असे कित्येक रहिवाशांचे पाणी लागते. गुंतवणूकदार म्हणतो, आम्ही आमचे यंत्र आणू. आणतीलही. पण यंत्रावर सगळी भिस्त ठेवल्यावर काय होते, हे मालदीवनेच दाखवले आहे. ४ डिसेंबर २०१४ रोजी माले शहराच्या पाणीकेंद्राला आग लागली आणि शहरातल्या लाखाहून अधिक माणसांचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमाने आणि नौदलाचे जहाज पाठवून पाणी पोहोचवले. ज्या देशाला आपण पाणी पुरवले, त्याचा कित्ता गिरवताना ते पाणी आपल्याला आठवत नाही.

आता काथ्याकडे येतो, कारण हा इतिहास माहीत नसल्यामुळे लक्षद्वीपच्या लोकांचा आजचा संशय आपल्याला हेकटपणा वाटतो. सोळाव्या शतकाच्या सुमारास ही बेटे कण्णूरच्या अरक्कल घराण्याच्या ताब्यात आली. केरळच्या इतिहासातले ते एकमेव मुस्लिम राजघराणे, आणि त्याच्या गादीवर वयाने ज्येष्ठ असेल त्या स्त्रीलाही बसता येई. तिला बीबी म्हणत. बेटांवर भात पिकत नाही. पिकतो तो नारळ. म्हणून नारळाची सोडणे लगूनच्या काठच्या चिखलात महिनोन्महिने कुजवायची, बायकांनी ती कुटून काथ्या काढायचा, सुंभ वळायचा, ओडम नावाच्या शिडाच्या जहाजांतून तो मलबारच्या किनाऱ्यावर न्यायचा आणि बदल्यात तांदूळ आणायचा, असा व्यवहार चाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अरक्कलने या काथ्यावर मक्तेदारी लादली. काथ्या फक्त दरबारलाच विकायचा, दरबार ठरवील त्या दराने, आणि बदल्यात मिळणाऱ्या तांदळाचा भावही दरबारच सांगणार. बाजारात काथ्या कितीही चढो, बेटावरच्या बाईच्या पदरात तेवढेच तांदूळ पडणार. विकणाऱ्याला दुसरा ग्राहक नाही आणि खरेदी करणाऱ्याला दुसरा दुकानदार नाही, असा दुहेरी फास होता तो.

१७८७ मध्ये अमिनीच्या लोकांनी हा फास झुगारला. त्यांनी मंगळूरला जाऊन टिपू सुलतानाकडे दाद मागितली आणि अमिनी, कदमत, किल्तान, चेतलत, बित्रा ही उत्तरेकडची बेटे म्हैसूरच्या अमलाखाली गेली. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर ती इंग्रजांकडे आली. दरबार बदलला, मक्तेदारी मात्र राहिली. कंपनीच्या साहेबांनाही काथ्याच्या बदल्यात ठराविक दराने तांदूळ देण्याची पद्धत फारच सोयीची वाटली.

दक्षिणेकडच्या बेटांची मालकी बदलली ती एका वादळामुळे. १८४७ च्या एप्रिलमध्ये कल्पेनी आणि आंद्रोत यांच्यावरून भीषण चक्रीवादळ गेले. समुद्र बेटावरून वाहिला, माणसे गेली, माड उन्मळले, विहिरी खारट झाल्या. कल्पेनीच्या पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर त्या लाटांनी फेकलेल्या प्रवाळखंडांचा लांबच लांब बांध त्या वादळाची खूण म्हणून राहिला. पाहणीसाठी कंपनीचे विल्यम रॉबिन्सन बेटांवर गेले. मदतीचा खर्च अरक्कलला पेलवेना, तेव्हा कंपनीने कर्ज दिले. कर्जावर व्याज चढले, व्याज फिटेना, म्हणून १८५४ मध्ये उरलेली बेटे कंपनीच्या कारभाराखाली गेली. ती मध्ये काही काळ परत मिळाली, १८७५ मध्ये पुन्हा जप्त झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अरक्कलने त्यांच्यावरचा हक्क कायमचा सोडला. हवामानाच्या एका आघातातून कर्ज आले आणि कर्जातून मालकी गेली. या साखळीत बेटावरच्या माणसाचे मत एकदाही विचारले गेले नाही. यापुढच्या काळात वादळे अधिक येणार असतील, तर ही गोष्ट जुनी म्हणून बाजूला ठेवता येत नाही. २०१७ च्या डिसेंबरात ओखी येऊन गेले, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते याच पाण्यावर उठले आणि मग आपल्या कोकण किनाऱ्याला झोडपत गुजरातकडे गेले.

स्वातंत्र्यानंतर काय झाले याला थोडक्यात श्रेय दिले पाहिजे. १९५६ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला, १९६४ मध्ये त्याचा कारभार कोळिकोडहून कवरत्तीला आला, १९७३ मध्ये लक्षद्वीप हे नाव मिळाले. बहुतेक सगळी प्रजा अनुसूचित जमातींत गणली गेली. १९६५ च्या जमीनविषयक नियमावलीने बाहेरच्यांना जमीन घेण्यापासून रोखले आणि १९६७ च्या नियमांनी परवान्याशिवाय प्रवेशाला बंदी घातली. मालमत्ता आईकडून मुलीकडे जाणारी तरवाडाची, म्हणजे मातृवंशीय कुटुंबाची, रीत, पुरुषाने लग्नानंतरही आपल्या आईच्या घराशी बांधलेले राहणे, हे सारे इस्लामी समाजात इतक्या सहजतेने नांदते आहे की बाहेरच्याला त्याचे नवल वाटावे. २०११ मध्ये साक्षरता ९० टक्क्यांच्या वर होती. म्हणजे दिल्लीने नेहमी वाईटच केले असे म्हणणे खोटे ठरेल. म्हणूनच २०२१ मध्ये जेव्हा विकास प्राधिकरणाच्या नियमावलीचा मसुदा आला आणि कोणताही भाग ‘नियोजन क्षेत्र’ म्हणून जाहीर करून तिथल्या जमिनीच्या वापरात फेरफार करण्याचे व्यापक अधिकार प्रशासनाला मिळतील असे दिसले, तेव्हा बेटांवर उठलेला विरोध मला अतिरेकी वाटला नाही. पन्नासहून अधिक वर्षे जे कुंपण सरकारनेच घातले होते, त्याची फाटके सरकारच उघडत होते.

या जुन्या प्रश्नावर आता समुद्राच्या उष्णतेचा थर चढला आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून अंशभर जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्या पेशींत राहणाऱ्या आणि आपल्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालाला बाहेर टाकते व पांढरे पडते. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाहीतर उपासमारीने मरते. लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर १९९८ मध्ये घडले, मग २०१० मध्ये, मग २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. पहिल्या दोन आघातांमध्ये बारा वर्षे मिळाली, नंतरच्यांत सहा आणि आठ. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती यांच्या प्रवाळभिंतींचा अभ्यासकांनी २४ वर्षे मागोवा घेतला, त्यात जिवंत प्रवाळाचे आच्छादन १९९८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर आले आहे. त्याच वेळी उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ नंतर वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढते आहे. प्रवाळ वाढते राहिले असते तर त्याने ही चढण कदाचित गाठलीही असती. कोटी वर्षे त्याने तेच केले आहे. पण निम्मे कामगार गैरहजर असताना भिंत पुरी होत नाही.

इथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. ‘बेटे बुडणार’ हे वाक्य आपण फार ढोबळपणे वापरतो. प्रशांत महासागरातल्या २७ प्रवाळबेटांची जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे ताडून पाहणारा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्र चढत असतानाही त्यातली बहुसंख्य बेटे आकाराने तेवढीच राहिली होती किंवा वाढली होती. वाळूचे बेट एका कडेने झिजते आणि दुसऱ्या कडेला साचते. ते जागच्या जागी कूस बदलते. मात्र दोन अटी आहेत. बाहेरची भिंत वाळू पुरवत राहिली पाहिजे आणि बेटाला हलायला मोकळीक असली पाहिजे. बंगारामजवळचे पराळी-१ हे छोटे निर्जन बेट १९६८ च्या नकाशात होते आणि २०१७ पर्यंत ते पूर्ण झिजून गेल्याचे नोंदवले गेले. म्हणजे प्रत्येक बेट सावरतेच असे नाही. पण वस्तीच्या बेटांवर आपण दुसरी अट स्वतःच मोडतो. धक्का बांधला, काँक्रीटचे चौपायी ठोकळे रचले, किनाऱ्यालगत इमारत उभी केली, की वाळूची ये-जा खुंटते आणि एका जागेची झीज थांबवताना शेजारची वाढते. किनाऱ्यावर कोट्यवधींचे रिसॉर्ट बांधणारा माणूस आपली पुळण कूस बदलते आहे म्हणून स्वस्थ बसणार नाही. तो भिंत मागेल आणि त्याला ती मिळेल.

लगूनमधल्या खांबांवरच्या कुट्यांबद्दल तर वेगळेच म्हणणे आहे. सुहेली आणि कदमत इथे अशा कुट्यांसह मोठी रिसॉर्टे उभारण्याची घोषणा २०२३ च्या जानेवारीत झाली. कागदावर लगून हा रिकामा निळा चौकोन दिसतो. बेटावरच्या कोळ्याला तो कोठीघरासारखा आहे. इथले मुख्य मासे म्हणजे ट्यूना. आपल्याकडे कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच कुळातले. मिनिकॉयच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत अशी की पहाटे लगूनमधल्या प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारी बोटभर मासळी जिवंत पकडायची, होडीतल्या पाण्याच्या टाकीत ठेवायची, भिंतीपलीकडे खोल समुद्रात जाऊन ट्यूनाच्या थव्यापुढे ती उधळायची, आणि काठीला लावलेल्या गळाने एकेक मासा हवेतून होडीत ओढायचा. ट्यूनासाठी जाळे नाही, नको ते मासे मरणे नाही. १९६० च्या दशकात ही रीत इतर बेटांवरही पसरवण्यात आली आणि तिचा एक फायदा ठरवून न करता झाला. सगळा समाज ट्यूना खाऊ लागला आणि प्रवाळावरच्या माशांना, त्या वाळू करणाऱ्या पोपटमाशालाही, उसंत मिळाली. आता खांब रोवण्यासाठी लगूनचा तळ ढवळला तर आमिषाची मासळी जाते. मासळी गेली की ट्यूना जातो. ट्यूना गेला आणि वर पाहुण्यांच्या ताटात रोज ताजा ‘रीफ फिश’ हवा झाला, की कोळी नाइलाजाने प्रवाळभिंतीकडे वळतो. मग पुळण कोण करणार? ज्या दृश्यासाठी कुटी बांधली, ते दृश्यच कुटी हळूहळू खाऊन टाकते.

याच्या विरुद्ध जे सांगितले जाते त्यातला एक युक्तिवाद मला खरा वाटतो, म्हणून त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. बेटावरच्या शिकलेल्या तरुणाला काम हवे आहे. सरकारी नोकऱ्या आणि मासेमारी यांपलीकडे तिथे फारसे काही नाही. गंभीर आजाऱ्याला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते, उच्च शिक्षणासाठी केरळ गाठावे लागते, पावसाळ्यात जहाजाचे तिकीट मिळणे हे नशिबावर असते. मुख्य भूमीवर सर्व सुखे भोगणाऱ्या माझ्यासारख्याने त्यांना ‘जसे आहात तसे राहा, आम्हाला पाहायला बरे वाटते’ असे सांगणे हा उद्धटपणा होईल. शिवाय स्थानिकांना डावलण्याचा दोष फक्त विकासवाद्यांचाच असतो असेही नाही. आपल्या मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, पण मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही, म्हणून ते दीर्घकाळ विरोधातच अडकून पडले. प्रवाळ वाचवण्यासाठीही कोणी परस्पर निर्णय घेऊ नये.

म्हणून माझा विरोध पर्यटनाला नाही, कोण किती आणि कोणत्या अटीवर येणार हे कोचीत किंवा दिल्लीत ठरण्याला आहे. मालदीवकडून खरेच काही शिकायचे असेल तर ते रिसॉर्टांकडून शिकू नये. २००९ नंतर मालदीवने वस्तीच्या बेटांवर स्थानिकांना लहान अतिथिगृहे चालवण्याची मुभा दिली आणि प्रथमच पर्यटनाचा पैसा मोठ्या भाडेपट्टेदारांना वळसा घालून सामान्य घरांत पोहोचू लागला. लक्षद्वीपमध्ये तरवाडाच्या घराची एखादी बाजू पाहुण्यांसाठी ठेवणाऱ्या बाईला कर्ज, प्रशिक्षण आणि परवाना मिळणे हे सुहेलीच्या भाडेपट्ट्याहून अवघड का असावे, हे मला समजलेले नाही. कचऱ्याचा प्रश्न तरीही राहतोच. मालदीवने आपला कचरा टाकण्यासाठी मालेजवळ तिलाफुशी नावाचे बेटच भरून काढले. लक्षद्वीपजवळ तसे देऊन टाकायला बेट नाही. म्हणून पाहुण्याने आणलेले प्लॅस्टिक पाहुण्याबरोबर परत गेले पाहिजे, ही अट पाळण्यासाठी मात्र कडक सरकार हवे आणि ते मला चालेल.

आणि संख्या? प्रवेश-परवान्याची यंत्रणा १९६७ पासून हाताशी आहेच. आजवर ती माणूस कोण आहे हे पाहते. तिने बेटाची स्थिती काय आहे हेही पाहावे. एप्रिल-मेमध्ये विहिरींच्या पाण्यात मीठ किती आहे हे मोजायला फार मोठे यंत्र लागत नाही. प्रत्येक बेटावरच्या ठराविक विहिरींची ती मोजणी गावासमोर जाहीर करावी, समुद्राचे तापमान आणि प्रवाळाचे आच्छादन यांची नोंद तिच्या शेजारी लिहावी आणि पुढच्या हंगामात त्या बेटाने किती खाटा उघडायच्या हे बेटाच्या पंचायतीने त्या आकड्यांवरून ठरवावे. ज्या वर्षी प्रवाळ पांढरे पडेल त्या वर्षी त्या भिंतीवर पाणबुडे उतरणार नाहीत. लगूनमध्ये एकही खांब रोवला जाणार नाही. गुंतवणूकदार म्हणेल की दरवर्षी बदलणाऱ्या खाटांवर कोणी पैसा लावणार नाही आणि त्याचे म्हणणे व्यवसायाच्या दृष्टीने बरोबर आहे. मोठा पैसा निश्चिती मागतो. वाळूचे बेट ती देऊ शकत नाही. म्हणून तिथे लहान पैसा जावा, पाणी खारे झाले तर एक हंगाम खोली बंद ठेवून पुन्हा ट्यूनाच्या होडीवर जाऊ शकणाऱ्या माणसाचा.

२०२५ च्या जुलैमध्ये बित्रा बेट संरक्षणाच्या कारणासाठी संपादित करण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अधिसूचना निघाली. बित्राची जमीन एक-दशांश चौरस किलोमीटर, २०११ ची वस्ती २७१. देशाच्या सुरक्षेचे कारण हलके नसते आणि मालदीवच्या उत्तरेला आपली नजर हवी, हेही मान्य. पण बित्रा हे त्या पाच बेटांपैकी एक आहे, जी १७८७ मध्ये अमिनीच्या लोकांनी आपला काथ्या कोणाला द्यायचा हे स्वतः ठरवण्यासाठी मंगळूर गाठल्यावर अरक्कलच्या हातून सुटली होती. त्या २७१ जणांना काय हवे आहे, हा प्रश्न या वेळी अभ्यासाच्या पहिल्या पानावर विचारला जातो की शेवटच्या, यावरून सुहेली आणि कदमतचा दर कोण ठरवणार हेही कळेल.